जुन्या भागाला नवी हमी

मार्च-एप्रिलमध्ये उसाचा गळीत हंगाम संपतो आणि साखर कारखान्यात दुसरे काम सुरू होते. मिल उघडल्या जातात. काही महिने रात्रंदिवस ऊस पिळून रोलर थकलेले असतात. त्यांचे दात बोथट झालेले असतात, रसाच्या आम्लाने पृष्ठभाग खाल्लेला असतो, गनमेटलच्या बेअरिंगमध्ये फिरून फिरून शाफ्टच्या जर्नलवर चरे पडलेले असतात. हे रोलर ट्रेलरवर चढून वर्कशॉपकडे निघतात. गव्हाणीत पुढच्या हंगामाची मोळी पडण्याआधी ते परत यावे लागतात.

हंगामाच्या मध्यावर एखादा शाफ्ट मोडला, तर गाळप थांबते. गेटबाहेर ट्रॅक्टर-बैलगाड्यांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळतो, त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा खाली येतो. नुकसान कारखान्याचे होते आणि शेतकऱ्याचेही. म्हणून कारखान्याचा चीफ इंजिनिअर वर्कशॉपच्या मालकाला एकच गोष्ट विचारतो : हा रोलर पुढचा हंगाम काढेल का?

‘काढेल’ असे उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिल्या प्रकारात उत्तरामागे मिस्त्रीची तीस वर्षांची नजर असते. दुसऱ्या प्रकारात त्या नजरेला धातूची तपासणी, मोजमापाची नोंद आणि लिहून ठेवलेली कार्यपद्धती यांची जोड असते. आपल्याकडच्या हजारो लहान वर्कशॉपना पहिले उत्तर उत्तम देता येते. दुसरे द्यायला त्यांना अभियांत्रिकी मदत लागते. ही मदत त्यांच्या दारापर्यंत पोचली, तर यंत्रांचे जुने भाग पुन्हा नव्याच्या तोडीचे करण्याचा मोठा व्यवसाय इथे उभा राहू शकतो.

दुरुस्तीच्या पुढची पायरी

दुरुस्तीत बिघडलेला भाग पुन्हा चालता केला जातो. जे मोडले तेवढेच नीट केले जाते, बाकीचे आहे तसे राहते. पुनर्निर्मितीची रीत वेगळी आहे. वापरलेला भाग पूर्ण सोडवायचा, स्वच्छ करायचा, त्यातला प्रत्येक घटक तपासायचा, झिजलेले घटक मूळ मापात आणायचे किंवा बदलायचे, पुन्हा जुळणी करायची, चाचणी घ्यायची आणि मग तो ग्राहकाला द्यायचा. ब्रिटनच्या बीएस ८८८७ या मानकाच्या २००९ च्या भागात याची कसोटी सांगितली आहे : कामगिरी निदान मूळ भागाइतकी हवी आणि हमीही नव्या भागाइतकी किंवा त्याहून जास्त हवी. हमी त्याहून कमी असेल, तर मानक त्या कामाला वेगळे नाव देते.

अमेरिकेत या व्यवसायाचा पहिला मोठा अभ्यास रॉबर्ट लुंड यांनी केला. १९९६ च्या अहवालात त्यांनी या उद्योगाला ‘छुपा महाकाय’ म्हटले. त्यांच्या अंदाजानुसार तिथे ७३ हजार उद्योग या कामात होते, त्यांची वार्षिक उलाढाल ५३ अब्ज डॉलर होती आणि थेट रोजगार ४ लाख ८० हजार होता. सरासरी काढली, तर एका उद्योगात सात माणसेही भरत नाहीत. कॅटरपिलरसारख्या कंपन्या या क्षेत्रात मोठ्या दिसतात, पण पाया लहान वर्कशॉपचाच आहे.

पर्यावरणाचा हिशेबही मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय संसाधन मंडळाने २०१८ मध्ये छपाईयंत्रे, वाहनांचे भाग आणि अवजड यंत्रे या क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. योग्य ठिकाणी केलेल्या पुनर्निर्मितीने नव्या कच्च्या मालाची गरज ८० ते ९८ टक्के आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जन ७९ ते ९९ टक्के कमी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे कसे घडते ते रोलरवरून कळते. समजा, एका मोठ्या मिलचा शाफ्ट सरासरी ५०० मिलिमीटर व्यासाचा आणि साडेचार मीटर लांबीचा आहे. त्याचे वजन सुमारे सात टन भरते. हे सात टन पोलाद वितळवले गेले, घडवले गेले, त्यावर उष्णता-उपचार झाले, ते कातले गेले. यातली बहुतेक ऊर्जा आणि मेहनत आजही त्या शाफ्टमध्ये आहे. झीज झाली आहे ती पृष्ठभागावरच्या एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची. तेवढ्यासाठी सात टन भट्टीत घालणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

मात्र तो शाफ्ट आतून धड आहे, हे आधी सिद्ध व्हायला हवे. अभियांत्रिकीचे काम इथूनच सुरू होते.

मोडलेला भाग काय सांगतो

वर्कशॉपमध्ये मोडका शाफ्ट आला की घाईत पहिला प्रश्न येतो, ‘नवा किती दिवसांत करून देता?’ त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न म्हणजे ‘हा मोडला कशाने?’ कारण तसेच ठेवून भाग नवा केला, तर तोही त्याच जागी मोडतो.

मोडलेला पृष्ठभाग हा पुरावा असतो. तो पुसू नये, त्याची दोन तोंडे एकमेकांवर घासू नयेत, गंजू देऊ नये. फिरणाऱ्या शाफ्टचा भंग बहुधा थकव्याने होतो. प्रत्येक फेऱ्यात ताण येतो आणि जातो, एखाद्या कोपऱ्यात सूक्ष्म तडा जन्मतो आणि महिनोन्महिने सरकत राहतो. समुद्रकाठच्या वाळूवर ओसरत्या लाटांच्या रेषा राहाव्यात तशा एकामागे एक कमानदार रेषा त्या तुटक्या तोंडावर दिसतात. रेषा जिथे एकवटतात तिथे तडा सुरू झाला. उरलेला खडबडीत भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटलेला असतो. हा भाग लहान असेल, तर भार फार नव्हता, तडा मात्र खूप दिवस वाढत होता, असे कळते.

तडा सुरू होण्याची जागा पुष्कळदा शाफ्टचा व्यास बदलतो त्या खांद्यावर सापडते. तिथे कोपरा टोकदार ठेवला, तर ताण आसपासच्या दुप्पट-अडीचपट होतो. खांद्याला पुरेसा रेडियस (गोलाई) दिला, तर ताण बराच खाली येतो. थकव्याच्या बाबतीत हा फरक निर्णायक असतो. ताण दहा टक्क्यांनी वाढला तरी पोलादी भागाचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. जुन्या शाफ्टवर असलेला रेडियस झिजल्यामुळे दिसला नाही आणि नव्या शाफ्टला टर्नरने सरळ खांदा काढला, एवढ्यावरून नवा भाग जुन्यापेक्षा लवकर मोडतो. टर्नरचा हात यात चुकलेला नसतो. रेडियस किती हवा आणि का हवा, हे त्याच्यापर्यंत कागदावर पोचलेले नसते.

जे शाफ्ट मोडलेले नाहीत, त्यांच्यातले तडे शोधावे लागतात. लाल-पांढऱ्या डाय पेनिट्रंटने पृष्ठभागावर उघडणारा तडा दिसतो. चुंबकीय कणांच्या तपासणीत पृष्ठभागाच्या जरा खालचाही सापडतो. शेलच्या, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या बिडाच्या कवचाच्या, आत दडलेल्या भागासाठी शाफ्टच्या टोकावरून अल्ट्रासॉनिक लहरी सोडाव्या लागतात. या तपासणीचे यंत्र विकत घेता येते. पडद्यावरची उडी तड्याची आहे की शाफ्टच्या खांद्यावरून आलेल्या प्रतिध्वनीची, हे ओळखायला मात्र प्रशिक्षित माणूस लागतो. पाच-दहा कामगारांच्या वर्कशॉपला असा माणूस बारा महिने पगारावर ठेवणे परवडत नाही. म्हणून ही सेवा सामायिक असायला हवी.

भराव घालण्याआधी

झिजलेल्या जागी वेल्डिंगने भराव घालायचा आणि पुन्हा मापात कातायचे, ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली पद्धत आहे. चांगला वेल्डर हे काम देखणे करतो. पण वेल्डिंग टिकणार की नाही, हे वेल्डच्या रेषेच्या देखणेपणावर ठरत नाही. ते खालच्या धातूवर ठरते.

ईएन ८ आणि ईएन १९ ही दोन पोलादे कातून ठेवली, तर डोळ्यांना सारखी दिसतात. दोन्हींत कार्बन सुमारे ०.४० टक्के असतो. ईएन १९ मध्ये त्याखेरीज सुमारे एक टक्का क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते. वेल्डिंगच्या दृष्टीने धातू किती अवघड आहे हे ‘कार्बन तुल्यांक’ काढून कळते. त्यासाठी कार्बनच्या टक्केवारीत मँगेनीजचा सहावा हिस्सा, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा हिस्सा आणि निकेल व तांब्याच्या बेरजेचा पंधरावा हिस्सा मिळवायचा. हा आकडा ०.४० च्या आत असेल, तर काम सोपे. ईएन ८ साठी तो सुमारे ०.५३ येतो आणि ईएन १९ साठी ०.७७ च्या आसपास. दुसऱ्या पोलादाला वेल्डिंगपूर्वी दोन-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते, वेल्डिंगनंतर सावकाश थंड होऊ द्यावे लागते, आणि कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये तीनशे अंशांच्या वर वाळवून मगच वापरावे लागतात.

हे पाळले नाही तर काय होते? वेल्डशेजारचा पट्टा झपाट्याने थंड होऊन कडक आणि ठिसूळ बनतो. इलेक्ट्रोडच्या आवरणातल्या ओलाव्यातून आलेला हायड्रोजन तिथे जमतो. तडा लगेच पडत नाही. काही तासांनी, कधी दोन दिवसांनी पडतो. तोवर भाग कातून, ग्राइंड करून, रंगवून ग्राहकाकडे गेलेला असतो. म्हणून अशा कामाची अंतिम तपासणी वेल्डिंगनंतर ४८ तासांनी करण्याचा नियम आहे. पावसाळ्यात उघड्या पाकिटातले इलेक्ट्रोड वापरणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपने हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

भरावाचे दुसरे मार्गही आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. हार्ड क्रोमचा थर कठीण आणि गुळगुळीत असतो, हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडला तो शोभतो. पण त्या प्रक्रियेतही हायड्रोजन पोलादात शिरतो. उच्च ताकदीचा भाग प्लेटिंगनंतर लवकरात लवकर सुमारे १९० अंशांवर काही तास भाजावा लागतो. शिवाय प्लेटिंगच्या टाकीतले हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. कामगाराचा श्वास आणि गावाचे पाणी या दोन्हींची काळजी घेतल्याशिवाय हे काम करूच नये. वितळलेल्या कणांची फवारणी करून थर चढवण्याच्या पद्धतीत भाग फारसा तापत नाही, म्हणून वाकत नाही. टंगस्टन कार्बाइडचा फवारलेला थर क्रोमला अनेक ठिकाणी उत्तम पर्याय आहे. मात्र असा थर झीज सोसतो, शाफ्टची ताकद वाढवत नाही. ठोके बसणाऱ्या कडेवर तो उडू शकतो. लेसर क्लॅडिंगमध्ये थर धातूशी एकजीव होतो आणि उष्णता नेमक्या जागी जाते, पण यंत्र महाग असते.

यापैकी काय निवडायचे, हे भाग कोणत्या कारणाने झिजला त्यावर ठरते. वाळूने घासला, गंजाने खाल्ला, की शेजारच्या भागाला चिकटून ओरबाडला गेला? कारण ओळखले की निम्मी निवड आपोआप होते.

मापातले सापळे

लहान वर्कशॉपकडे येणाऱ्या जुन्या भागासोबत बहुधा ड्रॉइंग नसते. ‘नमुन्याप्रमाणे करा’ एवढीच सूचना असते. पण नमुना झिजलेला आहे. त्यावरून घेतलेले माप झिजेचे माप आहे, डिझाइनचे नाही. मूळ माप शोधायला न झिजलेली जागा पाहावी लागते, सोबतच्या भागाचे माप घ्यावे लागते आणि कोणते बेअरिंग तिथे बसत होते ते बघावे लागते. बेअरिंगचा क्रमांक मिळाला की शाफ्टचा व्यास आणि त्याची सूट तक्त्यावरून काढता येते. ५० मिलिमीटरच्या शाफ्टवर के ५ फिट हवा असेल, तर व्यास ५० पेक्षा २ ते १३ मायक्रॉनने मोठा असायला हवा. एच ६ हवा असेल, तर तो ५० च्या वर जाता कामा नये आणि १६ मायक्रॉनपेक्षा जास्त खालीही नाही. बेअरिंग शाफ्टवर घट्ट धरणार की घसरून शाफ्ट खाणार, हे या काही मायक्रॉनमध्ये ठरते.

जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रांत आणखी एक सापळा असतो. त्यांचे गिअर इंचातल्या डायमेट्रल पिचवर कापलेले असतात, आपले कटर मिलिमीटरमधल्या मॉड्यूलवर. १० डायमेट्रल पिच म्हणजे २.५४ मॉड्यूल. हाताशी असलेला २.५ मॉड्यूलचा कटर त्याच्या इतका जवळचा वाटतो की चालून जाईल असे वाटते. पण ४० दातांच्या गिअरमध्ये पिच व्यासात १.६ मिलिमीटरचा फरक पडतो. असा गिअर जोडीदारासोबत आवाज करत फिरतो, दात एका बाजूला खातो आणि थोड्याच काळात दोघेही निकामी होतात. आट्यांचेही तसेच. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंश आहे आणि मेट्रिक आट्यांचा ६०. नट दोन फेरे फिरतो म्हणून तो त्याचाच आहे असे होत नाही.

तापमानही माप बदलते. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. ५०० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट १५ अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.०८ मिलिमीटरने वाढतो. सकाळी गारव्यात शाफ्ट मोजला आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये शेल मोजला, तर तेवढी चूक कोणाच्याही नकळत कामात शिरते.

ही चूक कुठे भोवते, ते रोलरवर नवे शेल चढवताना दिसते. बिडाचे शेल शाफ्टपेक्षा जरा कमी बोअरचे करतात, तापवून फुगवतात आणि शाफ्टवर बसवतात. थंड होताना ते शाफ्टला आवळून धरते. ५०० मिलिमीटरच्या बोअरला व्यासाच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे ०.५ मिलिमीटरचा आवळ धरू. शेल खोलीच्या तापमानाच्या वर २०० अंश तापवले, तर बोअर सुमारे १.१ मिलिमीटरने मोठे होते. म्हणजे बसवताना ०.६ मिलिमीटरची मोकळीक मिळते. आवळ कमी पडला, तर भर हंगामात शेल शाफ्टवर घसरते. जास्त झाला, तर बिडाला ताण सोसत नाही आणि शेल तडकते. एका बाजूला जास्त तापवले, तर वाकडे बसते. ०.५ मिलिमीटरच्या हिशेबात ०.०८ ची चूक म्हणजे सहावा हिस्सा गेला. म्हणून दोन्ही भाग एका छपराखाली एक रात्र ठेवून मगच मोजायचे आणि मोजताना तापमान वहीत लिहायचे. या खबरदारीला एक पैसा लागत नाही. ती कोणीतरी सांगावी लागते.

शेवटी चाचणी. फिरणारा भाग तोलून द्यावा लागतो. १०० किलोचा पंखा मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरणार असेल आणि जी ६.३ हा नेहमीचा दर्जा गाठायचा असेल, तर २०० मिलिमीटर त्रिज्येवर एकूण १० ग्रॅमपेक्षा जास्त असमतोल चालत नाही. हे आकडे प्रमाणपत्रावर लिहून दिले की ग्राहकाला कळते की त्याने काय घेतले. विश्वास असाच वाढतो.

मदत कोठे आहे

महाराष्ट्राच्या मातीत यंत्रे घडवण्याची आणि सांभाळण्याची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या सुमारास गाळप सुरू केले. यंत्रे जिथे गेली तिथे ती सांभाळणारे हातही तयार झाले. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या वर्कशॉपमध्ये ते हात आजही आहेत.

त्यांना साथ देऊ शकतील अशा संस्थाही आहेत. साखर यंत्रांसाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिची स्थापना १९७५ ची. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. मुंबईच्या आयडेमीत मोजमापाची उपकरणे तपासून मिळतात. तिरुचिरापल्लीची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट वेल्डिंगच्या कार्यपद्धती आणि प्रशिक्षण देते. हैदराबादच्या एआरसीआयमध्ये फवारणी आणि लेसर क्लॅडिंगवर काम होते. बंगळूरची सीएमटीआय १९६२ पासून मशीन टूल आणि सूक्ष्म मोजमापात आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकास योजनेतून सामायिक सुविधा केंद्राला केंद्र सरकारचे अनुदान मिळते. अनेक वर्कशॉप एकत्र आले, तर धातूचे घटक सांगणारा स्पेक्ट्रोमीटर, मापे घेणारे सीएमएम यंत्र किंवा बॅलन्सिंग यंत्र त्यातून उभे राहू शकते.

तरीही अंतर उरते. ते अंतर भाषेचे, वेळेचे आणि सवयीचे आहे. प्रयोगशाळा अहवाल देते, त्यात घटकांची टक्केवारी असते. वर्कशॉपला हवे असते ते असे : किती अंश तापवू, कोणता इलेक्ट्रोड वापरू, किती तासांनी तपासू? अहवाल आणि लेथ यांच्यामध्ये उभा राहणारा अभियंता हवा.

इतर देशांनी हीच जागा भरली. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने लहान उत्पादकांसाठी विस्तार सेवा सुरू झाली. आज तिची केंद्रे सर्व ५० राज्यांत आणि प्वेर्तो रिकोत आहेत. रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नबील नस्र यांनी पुनर्निर्मितीचे संशोधन केंद्र उभे केले. संसाधन मंडळाच्या त्या २०१८ च्या अहवालाचे प्रमुख लेखकही तेच. जपानमध्ये प्रत्येक प्रांताची सार्वजनिक तंत्रज्ञान केंद्रे लहान कारखान्यांच्या चाचण्या करतात आणि सल्ला देतात. या सर्वांत समान धागा असा की तज्ज्ञ लहान कारखान्यापर्यंत पोचतो. शेतकऱ्याच्या बांधावर कृषी विस्तार अधिकाऱ्याने जावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. वर्कशॉपच्या शेडसाठीही तशी व्यवस्था हवी.

चांगली मदत एका भागापासून सुरू होते. वर्कशॉपकडे वारंवार येणारा एकच भाग घ्यायचा. तो का बिघडतो ते शोधायचे, त्याचे पूर्ण ड्रॉइंग करायचे, धातू तपासायचा, भरावाची पद्धत ठरवून तिचा नमुना कापून बघायचा, तपासणीच्या जागा ठरवायच्या आणि हे सारे मराठीत एका कागदावर लेथशेजारी लावायचे. त्या भागाला क्रमांक द्यायचा आणि तो पुन्हा येईल तेव्हा किती तास चालला ते लिहायचे. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर वर्कशॉपकडे स्वतःची आकडेवारी जमते. हमी त्या आकडेवारीवर देता येते.

नकार देण्याचे शास्त्र

सगळेच जुने वाचवू नये, हेही अभियांत्रिकीच सांगते. एमआयटीचे टिमथी गुटोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २५ वस्तूंचा संपूर्ण आयुष्याचा ऊर्जा-हिशेब मांडला. आठ बाबतीत पुनर्निर्मितीने ऊर्जा स्पष्ट वाचली, सहा बाबतीत वाचली नाही आणि अकरा बाबतीत फरक ठरवता येण्याइतका नव्हता. कारण सोपे आहे. जी वस्तू स्वतः भरपूर वीज खाते आणि जिची नवी आवृत्ती कमी वीज खाते, ती जुनी सांभाळण्यात तोटा होतो. सतत चालणारी, पुन्हा पुन्हा रिवाइंड केलेली जुनी मोटर हे त्याचे उदाहरण. शाफ्ट, रोलर, गिअरबॉक्सचे कवच, स्पिंडल असे भाग स्वतः वीज खात नाहीत. पुनर्निर्मितीचा खरा फायदा त्यांच्यात आहे.

ज्याच्या मोडण्याने माणसाच्या जिवाला धोका आहे, असा क्रेनचा हूक किंवा दाबपात्राचा भाग आवश्यक तपासणी आणि परवानगीशिवाय हातात घेऊ नये. मूळ कंपनीचे नाव पुन्हा बनवलेल्या भागावर उठवू नये. आपल्या वर्कशॉपचे नाव, तारीख आणि क्रमांक ठळक लिहावा. ‘हा भाग वाचणार नाही’ असे पुराव्यासह सांगणाऱ्या वर्कशॉपवर ग्राहक पुढच्या वेळी जास्त विश्वास ठेवतो.

कोणी काय करावे

मोठ्या कारखान्यांनी जुना भाग पाठवताना त्याची कुंडली सोबत द्यावी : किती तास चालला, कोणता भार होता, आधी केव्हा दुरुस्त झाला. ड्रॉइंग असेल, तर द्यावे. तपासणीचा खर्च दरात धरावा. सर्वांत कमी दराची निविदा निवडून अल्ट्रासॉनिक तपासणी फुकट मिळेल, ही अपेक्षा सोडावी.

सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे, पुण्याचे सीओईपी १८५४ चे. या संस्थांनी आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या तंत्रनिकेतनांनी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या खऱ्या मोडलेल्या भागांवर द्यावेत. तुटक्या शाफ्टचे तोंड वाचायला शिकलेला विद्यार्थी पदवीसोबत एक कौशल्य घेऊन बाहेर पडेल आणि वर्कशॉपला उत्तर मिळेल. सरकारने यंत्रांच्या अनुदानाबरोबर अभियंत्याच्या भेटींनाही अनुदान द्यावे. माणूस नसेल, तर यंत्र झाकून पडते.

आणि वर्कशॉपच्या मालकाला एक विनंती. उद्यापासून एक वही घाला. येणाऱ्या प्रत्येक भागाचे माप येताना आणि जाताना लिहा, धातू कोणता, इलेक्ट्रोड कोणता, किती तापवले, कोणी तपासले ते लिहा, मोडक्या तोंडाचा फोटो काढून ठेवा. मदत करणारा अभियंता आला, की त्याच्या कामाची सुरुवात या वहीतून होईल. तो येईपर्यंतही ती तुमच्याच उपयोगाची आहे.

एवढी तयारी झाली की आपल्या वर्कशॉपनी जुन्या भागाला नव्याची हमी लेखी द्यावी.